गोळ्या मध्येच थांबवल्या, आता पुन्हा सुरू करू का?

प्रिय मॅडम,
मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन, म्हणून मोकळेपणाने लिहिते. राहते नंदनवनला, नोकरी धरमपेठेत. वय २६. बारावीपासून मला दोन्ही काखांत गाठी येतात. आई म्हणायची, काखमांजरी आहे, या वयात होतेच, जाईल आपोआप. आमच्या भागातल्या डॉक्टरांनी दोनदा चिरा देऊन पू काढला. थोडे दिवस बरं वाटायचं, की बाजूलाच दुसरी गाठ. आता दोन्ही जांघांतही येतात, तिथे एका गाठीवर दाबलं की दुसऱ्या तोंडातून पू येतो. वाहतात, कपड्यांना डाग पडतात, वास येतो. ऑफिसला जाताना पर्समध्ये एक जास्तीचा कुर्ता आणि गॉज ठेवावाच लागतो. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी ‘हायड्राडेनायटिस सप्पुराटिव्हा’ असं नाव सांगितलं आणि क्लिंडामायसिन व रिफाम्पिसिन अशा दोन कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ, दहा आठवडे लिहून दिल्या. दुसऱ्यांदा औषध आणायला गेले तेव्हा दुकानदाराने रजिस्टरमध्ये माझं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, “टीबी कोणाला आहे?” शेजारच्या काकू तिथेच उभ्या होत्या. मी घरी पोचायच्या आत आईला कळलं होतं. त्यात लघवी लालसर व्हायला लागलेली. आईने तिसऱ्या आठवड्यात औषध बंद करायला लावलं. तोवर वाहणं बरंच कमी झालं होतं, आता पुन्हा ठणका लागलाय. उरलेली पाकिटं कपाटात आहेत. ती सुरू करू का? मला टीबी आहे का? डॉक्टरांनी चुकीचं औषध दिलं का? पुढच्या महिन्यात मुलाकडचे बघायला येणार आहेत, त्यांना सांगायचं का? रात्री झोप लागत नाही. कधी कधी वाटतं, सगळं संपलेलं बरं.
– एक वाचक, नागपूर

मुली, मुलीच्या वयाची म्हणालीस, म्हणून तुला अगं-तुगं करते.

आधी कपाटातल्या पाकिटांचं सांगते. ती आज उघडू नकोस. औषध चुकीचं आहे म्हणून नव्हे, तर मध्ये खंड पडला आहे म्हणून. रिफाम्पिसिन काही दिवस घेऊन सोडलं आणि मध्ये दिवस जाऊ देऊन पुन्हा घेतलं, तर क्वचित कोणाचं शरीर त्यावर उलटतं. थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं, रक्तातल्या प्लेटलेट उतरतात, आणि फारच थोड्या जणांत मूत्रपिंडाला इजा होते. याची शक्यता कमी आहे, पण घरच्या घरी ती पत्करण्याचं काहीच कारण नाही. त्याच डॉक्टरांकडे जा, कधी बंद केलं ती तारीख सांग, उरलेली पाकिटं सोबत ने. रक्ताची तपासणी करून तेच औषध पुन्हा द्यायचं की दुसरं, ते त्यांना ठरवू दे. ओरडतील या भीतीने जाणं टाळू नकोस. औषध मध्येच सोडलेले पेशंट आम्हा डॉक्टरांना रोज भेटतात.

आणि पत्रातलं शेवटचं वाक्य. ते तू सहज लिहून गेलीस, मी ते सहज घेणार नाही. या आजारात उदासी फार खोल जाते. दुखणं, वास, लपवालपवी हे सगळं वर्षानुवर्षं चालल्यावर मन खचतंच. तसा विचार पुन्हा आला तर टेलीमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन कर. ती सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही कोणीतरी बोलतं, मराठीतही बोलतं. विचार जोर धरतोय असं वाटलं तर आईला उठव, एकटी राहू नकोस. आणि त्वचेच्या डॉक्टरांनाही हे सांग. उपचार ठरवताना हेही त्यांना माहीत असायला हवं.

आता टीबी. रिफाम्पिसिन हे टीबीच्या उपचारातलं मुख्य औषध आहे, त्यामुळे दुकानदार चुकीचं बोलला नाही, फक्त चारचौघांत बोलला. पण हेच औषध कुष्ठरोगावर देतात, आणि तुझ्या आजारातही देतात. कुष्ठरोगाचं मुद्दाम सांगितलं, कारण आपल्या विदर्भात कुष्ठरुग्णांसाठीचं आनंदवन आणि दत्तपूर घरोघरी माहीत आहे, उद्या एखाद्या काकू तिकडूनही सुरुवात करतील. औषधावरून आजार ओळखता येत नाही. रजिस्टरमध्ये नाव लिहिलं त्याचंही वाईट वाटून घेऊ नकोस. २०१४ पासून टीबीची औषधं आणि बरीचशी जड अँटिबायोटिक्स ‘एच-वन’ नावाच्या यादीत आहेत. ती देताना डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव आणि औषध किती दिलं हे वहीत लिहून ठेवणं दुकानदाराला कायद्याने भाग आहे. ही औषधं कोणीही उठून घेऊ नयेत म्हणून ती सोय आहे.

एक प्रश्न मात्र तू डॉक्टरांना जरूर विचार: “माझ्यात टीबी नाही हे बघून झालंय ना?” आपल्याकडे तो विचारलाच पाहिजे. काखेतल्या लसीकाग्रंथींचा (लिम्फ नोडचा) टीबी होतो, त्या गाठी फुटून वाहतात, आणि वरून पाहिलं तर दोन्ही आजार एकमेकांसारखे दिसू शकतात. त्याहून मोठं कारण असं, की अंगात टीबी लपलेला असेल आणि आपण रिफाम्पिसिनसोबत टीबीची बाकीची औषधं न देता फक्त क्लिंडामायसिन दिलं, तर टीबीच्या जंतूंसमोर एकटं रिफाम्पिसिन उरतं. क्लिंडामायसिन टीबीवर चालत नाही. एकट्या रिफाम्पिसिनला जंतू फार लवकर दाद देईनासे होतात आणि पुढे तो टीबी बरा करणं अवघड होऊन बसतं. म्हणून औषध सुरू करण्याआधी खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन, घरात कोणाला टीबी झाला होता का हे विचारायचं, छातीचा एक्स-रे काढायचा, आणि शंका असेल तर पू किंवा त्वचेचा छोटा तुकडा तपासायला पाठवायचा. तुझ्या बाबतीत हे झालं असेल तर निर्धास्त राहा. झालं नसेल तर आता करून घे, खंड पडलाच आहे. दोन्ही काखांत आणि दोन्ही जांघांत, बारावीच्या वयापासून, त्याच त्याच जागी गाठी येणं हे टीबीपेक्षा तुझ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या आजाराशी कितीतरी जास्त जुळतं. या आजारात अनुभवी डॉक्टर बहुतेक वेळा नुसतं बघून आणि विचारूनच निदान करतात.

तुला हा आजार का झाला, हे तू विचारलं नाहीस, पण पत्रभर ते दिसतं. तू लिहिलेलं ‘वास’, ‘डाग’, ‘जास्तीचा कुर्ता’ वाचून कळतं की स्वतःला अस्वच्छ समजतेस. हा अस्वच्छतेचा आजार नाही आणि कोणाकडून कोणाला लागत नाही. काखेत, जांघेत, स्तनांखाली केसाच्या मुळाचं तोंड आतल्या आत बंद होतं. मागे साचत जातं, ती पिशवी कातडीखालीच फुटते, आणि शरीराची संरक्षण यंत्रणा तिथे गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोराने धावून येते. सूज, पू, ठणका हे सगळं त्या धावण्याचं फळ. जंतू तिथे असतात, पण ते मागाहून मुक्कामाला येतात. हा आजार बहुधा वयात आल्यानंतर सुरू होतो, काही घराण्यांत तो चालत येतो, वजन जास्त असेल किंवा सिगारेटची सवय असेल तर जोर करतो. जगभरात पेशंटला नाव कळेपर्यंत सरासरी सात ते दहा वर्षं जातात. तुझंही तेच झालं. चिरा देऊन पू काढल्यावर ठणका त्याच दिवशी थांबतो, म्हणून सगळ्यांना वाटतं की आजार गेला. पण पिशवी आतच राहते आणि गाठ जवळजवळ नेहमीच परत येते. असह्य दुखत असेल तेव्हा तेवढ्यापुरता चिरा ठीक, तो या आजाराचा उपचार नव्हे.

मग जंतूंचा आजार नसताना दोन-दोन अँटिबायोटिक्स कशाला? कारण ही औषधं जंतू कमी करतात तशीच ती सूजही शमवतात, आणि रिफाम्पिसिन पुवाच्या नळ्यांमध्ये जंतूंनी धरलेल्या चिकट थरातही शिरतं. हे जोडऔषध या आजारात २००६ पासून लिहिलं-वाचलं जातंय. नेहमीचा डोस दोन्हींचा ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, दहा ते बारा आठवडे. तुझ्या डॉक्टरांनी दिलं ते अगदी रुळलेल्या वाटेवरचं आहे. तिसऱ्या आठवड्यात वाहणं कमी झालं, म्हणजे तुला ते लागूही पडत होतं.

पण यात एक गोम आहे. रिफाम्पिसिन यकृताला इतर औषधं भराभर संपवायला लावतं, आणि त्यात क्लिंडामायसिनही आलं. दोन्ही एकत्र घेतल्यावर रक्तातलं क्लिंडामायसिन खूपच खाली जातं. त्यामुळे आज कित्येक तज्ज्ञ विचारतात, की खरोखर दोन्ही लागतात का. २०२१ मध्ये युरोपातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या एका अभ्यासात एका गटाला डॉक्सिसायक्लिनच्या जातीची साधी गोळी आणि दुसऱ्याला हे जोडऔषध बारा आठवडे दिलं, तर दोन्ही गटांत फायदा जवळपास सारखाच झाला. म्हणून मला विचारशील तर, टीबी इतका पसरलेल्या आपल्या देशात रिफाम्पिसिन जपून वापरावं आणि साध्या गोळीने भागत असेल तर आधी ती वापरून बघावी, या मताची मी आहे. तुझे डॉक्टर कदाचित म्हणतील की आजार पुढे गेला होता म्हणून थेट हे दिलं, आणि तेही बरोबर असू शकतं. आता खंड पडलाच आहे तर त्यांना विचार: “डॉक्सिसायक्लिनवर भागेल का?” हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.

तेच जोडऔषध पुन्हा सुरू झालं, तर घ्यायचं कसं ते नीट ऐक. रिफाम्पिसिन रिकाम्या पोटी, खाण्याच्या तासभर आधी किंवा खाऊन दोन तासांनी. सकाळी उठल्यावर ते घे, तासाभराने पोहे. क्लिंडामायसिन खाल्ल्यावर घेतलं तरी चालतं, पण पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत आणि बसून. घेऊन लगेच आडवी झालीस तर कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून जखम करते, छातीत जळजळ उठते. लघवी, घाम, डोळ्यातलं पाणी नारिंगी-लाल होईल, ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे आणि औषध थांबलं की जातो. पांढऱ्या कुर्त्याच्या काखेवर डाग पडू शकतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असशील तर या काळात चष्मा लाव, लेन्सवरचा रंग जात नाही.

घाबरायचं कशाला ते वेगळं. डोळे पिवळे दिसले, भूक मेली, सारखी मळमळ, पोटात उजवीकडे वर दुखायला लागलं, तर औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, कारण यकृताला त्रास झालेला असू शकतो. त्यासाठीच सुरुवातीला आणि मध्ये रक्त तपासतात. दुसरं म्हणजे जुलाब. एखाद-दोन वेळा पातळ झालं तर चालतं, पण दिवसातून कितीतरी वेळा पाण्यासारखं, पोटात कळ येऊन किंवा रक्त पडून होत असेल, तर जुलाब बंद करायची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नकोस. क्लिंडामायसिनमुळे आतड्यात एक वाईट जंतू माजतो, त्याचा वेगळा इलाज करावा लागतो, आणि असा जुलाब औषध संपल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा लागू शकतो.

दुसरी कुठलीही औषधं चालू असतील तर सगळी सांग. रिफाम्पिसिन थायरॉइडची, मधुमेहाची, फिटची, रक्त पातळ करायची, एचआयव्हीची बरीच औषधं निष्प्रभ करतं. आणि गर्भनिरोधक गोळ्यासुद्धा. ही ओळ तुझ्यापेक्षा हे सदर वाचणाऱ्या विवाहित मुलींसाठी आहे, कारण हे घरात कोणी बोलत नाही आणि दिवस राहिल्यावर दोष मुलीवर येतो: रिफाम्पिसिन चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर तरी नुसत्या गोळ्यांवर विसंबू नका.

आता तुझ्या जांघेतलं. तू लिहिलंस की एका गाठीवर दाबलं की दुसऱ्या तोंडातून पू येतो. म्हणजे काळ्या रानात उंदरांनी बिळं करावीत तशा कातडीखाली नळ्या तयार झाल्या आहेत. कुठल्याही अँटिबायोटिकने त्या नळ्या बुजत नाहीत. औषधाने सूज उतरते, वाहणं थांबतं, पण नळी राहिली की ती पुन्हा कधीतरी पेटतेच. अशा नळीचं वरचं छत उघडून आतलं साफ करून जखम खालून भरू देतात. याला डीरूफिंग म्हणतात, छोट्या नळ्यांसाठी जागा बधिर करूनही ते होतं. चिरा देण्याहून हे वेगळं आहे, त्या जागी परत येण्याचं प्रमाण बरंच कमी असतं. सूज औषधाने उतरवून मग हे करणं सोयीचं पडतं. दहा आठवड्यांनंतर काय, हे डॉक्टरांना आजच विचारून ठेव, कारण औषध संपल्यावर अनेकांना आजार पुन्हा डोकं वर काढतो. तेव्हा औषध फुकट गेलं असं समजून घरी बसू नकोस. आजार फारच पसरला तर अडालिमुमॅब नावाचं इंजेक्शन आहे, या आजारासाठी त्याला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. भारतीय कंपन्या ते बनवतात, तरी महाग पडतं, आणि त्याआधी टीबीची तपासणी सक्तीची असते. नागपुरातल्या मेडिकल, मेयो आणि मिहानमधल्या एम्स या सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. खर्चाची काळजी असेल तर तिथे दाखव.

घरचे उपाय मी सगळे उडवून लावणार नाही. कोमट पाण्याचा शेक दे, बरं वाटेल. हळदीचा लेप उघड्या जखमेवर नको. बिब्बा तर अजिबात नको. बिब्ब्याने कातडी भाजून आलेल्या काखा मी पाहिल्या आहेत, ते व्रण आयुष्यभर राहतात. गाठ पिळू नकोस. आणि मुलाकडचे येणार म्हणून काखेचं वॅक्सिंग किंवा रेझर करू नकोस, बाही लांब घाल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा घट्ट सिंथेटिक कुर्ता आणि स्कूटीवर काखेत दाबून धरलेली पर्स या दोन्ही गोष्टी टाळ. सैल सुती कपडे, पर्स डिकीत. अंघोळीला बेंझॉइल पेरॉक्साइडचा वॉश डॉक्टर सुचवतील, तो धुऊन टाकायच्या आधी दोन मिनिटं राहू दे, आणि टॉवेल पांढराच वापर, कारण रंगीत कापडाचा रंग उडतो.

राहिला मुलाकडच्यांचा प्रश्न. बैठकीत, सगळ्यांसमोर, कांदेपोह्यांच्या ताटलीबरोबर हे सांगायची गरज नाही. पण स्थळ पुढे सरकलं आणि तुम्ही दोघं एकटे बोलू लागलात, की साखरपुड्याच्या आधी त्या मुलाला तू स्वतः सांग. आईने किंवा काकांनी सांगायचं नाही. सांगताना आजाराचं नाव घे, संसर्गजन्य नाही हे सांग, संबंधांतून लागत नाही हे सांग, उपचार चालू आहेत हे सांग. मुलं होण्यात यामुळे अडचण येत नाही, फक्त दिवस राहायचं ठरवण्याआधी औषधांची आखणी डॉक्टरांबरोबर करावी लागते, कारण यातली काही औषधं, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन, गरोदरपणात चालत नाहीत. लपवून लग्न केलंस तर पहिल्याच महिन्यात गॉज कुठे लपवायचा या काळजीत राहशील. ऐकून त्याने पाय मागे घेतला तर वाईट वाटेल, पण ते लग्नाआधी कळलेलं बरं.

आणि डॉक्टरांकडे जाताना आईला घेऊन जा. औषध तिने बंद करायला लावलं, कारण ती घाबरली. पोरीची लघवी लाल झालेली पाहून कुठली आई घाबरणार नाही? टीबी नाही हे आणि रंग कशाचा हे तिने डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, की काकूंना उत्तर द्यायचं काम ती स्वतःच करील.